वाचकांचे प्रश्न: माकडांच्या जंगलासाठी मदत करायचीय, पण द्यायची कुणाकडे?

मागच्या अंकात धोक्यात आलेल्या माकडांबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचं म्हणणं एकच, काहीतरी करायचंय पण नक्की काय ते कळत नाही. त्यातले काही प्रश्न इथे घेतेय.

प्रश्न: दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला काढू शकते. ती मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेला द्यावी की एखाद्या गावातल्या छोट्या गटाला? छोट्या गटाला दिलेले पैसे वाया जाण्याची भीती वाटते.

माझं मत विचाराल तर गावातल्या गटाला द्या, आणि दर महिन्याला देताय ना, तेच सुरू ठेवा, कारण या कामात रक्कम किती मोठी आहे यापेक्षा ती थांबत नाही ना हे जास्त महत्त्वाचं असतं. जंगलात रोज गस्त घालणारा, शिकाऱ्यांनी लावलेले फासे शोधून काढणारा माणूस तिथलाच असतो आणि त्याचा पगार हा त्या गटाचा सगळ्यात मोठा खर्च असतो. मोठे प्रोजेक्ट दोन-तीन वर्षांचे येतात, फंड संपला की गस्तीवाली पोरं दुसरीकडे मजुरीला जातात आणि मग जंगलात परत फासे लागायला वेळ लागत नाही.

किती वर्षं लागतात याचं उदाहरण म्हणजे ब्राझीलमधलं गोल्डन लायन टॅमरिन, ते सोनेरी आयाळीचं छोटुकलं माकड. 1970च्या दशकात जंगलात जेमतेम 200च्या आसपास उरली होती. प्राणिसंग्रहालयांत जन्मलेली माकडं 1984 पासून जंगलात सोडायला लागले, 1992 मध्ये स्थानिक संघटना उभी राहिली, आजूबाजूच्या जमीनमालकांनी आपल्या जागेत जंगल राखलं, स्थानिक कुटुंबांनी देशी झाडांच्या नर्सरी चालवल्या आणि त्या रोपांनी जंगलाचे तुटलेले तुकडे जोडले. 2014 पर्यंत संख्या 3,700च्या घरात गेली, मग पीतज्वराची साथ आली आणि 2,500 वर घसरली, आणि तरी 2023 च्या मोजणीत ती 4,800च्या आसपास होती. विचार करा, साथ आली त्या वर्षी "आता काय उरलं" म्हणून सगळ्यांनी हात काढून घेतला असता तर?

यात मोठ्या संस्थांचा आणि प्राणिसंग्रहालयांचा वाटा होताच, तो मी नाकारत नाही. पण त्यांच्याकडे लोक पोचतात, गावातल्या गटापर्यंत फार कमी पोचतात.

आणि एक, "हे माकड दत्तक घ्या" अशी स्कीम असेल तर पैसे त्या फोटोतल्या एकाच प्राण्यापुरते अडकत नाहीत ना ते विचारून घ्या. शक्य असेल तर स्पष्ट लिहून द्या की जिथे गरज असेल तिथे वापरा, मग ते बूट असोत, पेट्रोल असो नाहीतर ऑफिसचं लाइटबिल.

प्रश्न: राग मानू नका, पण जंगल तोडणारे आणि माकडं पकडणारे गावकरीच असतात ना? मग त्यांच्याच हातात पैसे द्यायचे हे पटत नाही.

राग कशाला, हा प्रश्न खूप जणांच्या मनात असतो. पण आधी बघूया की माकडं गेली कुठे. कोलंबियात कापसासारखा पांढरा तुरा असलेलं कॉटन-टॉप टॅमरिन आहे, आज अतिसंकटग्रस्त. 1960च्या शेवटी आणि 1970च्या सुरुवातीला यातली 20 ते 40 हजार माकडं एकट्या अमेरिकेत पाठवली गेली, वैद्यकीय प्रयोगांसाठी. ती मागणी काही गावातून आली नव्हती. पाम तेलाची, सोयाबीनची, गुरांच्या कुरणांची, खाणींची मागणीसुद्धा बाहेरूनच येते, आणि दोष मात्र सरपण गोळा करणाऱ्या बाईवर येतो.

सरपणाने झाडं जातात हे खरंच आहे. म्हणून कोलंबियातल्या प्रोयेक्तो तिती या प्रोजेक्टने कमी लाकडात पेटणारी चूल आणली, आणि बायकांनी टाकून दिलेल्या प्लास्टिक पिशव्यांपासून विणलेल्या बॅगा विकायला सुरुवात केली, म्हणजे कचराही कमी आणि जंगलावर पोट भरायची गरजही कमी. नुसतं "तोडू नका" म्हणणं सोपं आहे, त्या बाईला दुसरं काय देणार याचं उत्तर असलं पाहिजे.

मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या छोट्या देशातलं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. 1985 मध्ये रॉबर्ट हॉर्विच या अमेरिकन संशोधकाने तिथल्या शेतकऱ्यांशी बोलून काळ्या हाउलर माकडांसाठी एक अभयारण्य सुरू केलं, पण सरकारी नाही, एक इंचही जमीन कुणाची घेतली नाही. शेतकऱ्यांनी स्वखुशीने लिहून दिलं की नदीकाठची झाडी आणि दोन शेतांमधला जंगलाचा पट्टा राखू, माकडं ज्यांची फळं खातात ती झाडं तोडणार नाही. सुरुवात मूठभर शेतकऱ्यांपासून झाली, पुढे दोनशेच्या वर गेले. आता ते अभयारण्य तिथल्या बायकांचा गट चालवतो.

याच हॉर्विच यांनी नंतर आसाममध्ये स्थानिक संस्थांबरोबर सोनेरी लंगूरसाठी काम केलं. हा लंगूर जगात फक्त आसाम आणि भूतानमध्ये आहे. बोंगाईगावजवळच्या काकोइजानाच्या जंगलात गावकऱ्यांनी राखण सुरू केली तेव्हा शंभरही लंगूर नव्हते, नंतर पाचशेच्या वर गेले आणि उजाड झालेलं जंगल परत दाट झालं. आणि 2020 मध्ये तिथे सरकारी अभयारण्य करायचा प्रस्ताव आला तेव्हा गावकऱ्यांनीच हरकत घेतली, की जंगल आम्ही राखलंय, आम्हाला वन हक्क कायद्याखाली सामूहिक हक्क द्या. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. राखायचं त्यांनी आणि ठरवायचं दुसऱ्यांनी, असं फार दिवस चालत नाही.

प्रश्न: गट खरा आहे की नुसता कागदावर, हे लांबून कसं ओळखायचं?

चकचकीत वेबसाइट बघू नका, चांगल्या गटांकडे ती बऱ्याचदा नसतेच. विचारा की कमिटीत त्या गावातले किती जण आहेत, पगार कुणाला मिळतो, आणि गेल्या वर्षी काय जमलं नाही. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जो गट मोकळेपणाने देतो, की अमुक ठिकाणी रोपं मेली, तमुक ठिकाणी आग लागली, त्याच्यावर माझा विश्वास बसतो. सगळं छान चाललंय असं म्हणणाऱ्यांना अजून दोन प्रश्न विचारा. थेट पैसे पाठवायला अडचण असेल तर त्या गटाबरोबर बरीच वर्षं काम करणारी एखादी संस्था मध्ये असते, तिला विचारा की किती वाटा गावापर्यंत जातो.

माकडाच्या पिल्लाला कडेवर घेऊन पाहुण्यांचे फोटो काढणारे असतील तर मात्र सरळ लांब राहा.

प्रश्न: मला सुट्टीत जाऊन अनाथ पिल्लांना सांभाळायचंय. पैसे भरून असे प्रोग्रॅम मिळतात.

तुमची इच्छा मनापासूनची आहे हे कळतं, पण नका जाऊ. आपली साधी सर्दी गोरिला-चिंपांझींना जीवघेणी ठरू शकते, म्हणूनच जंगलात त्यांना बघतानासुद्धा मास्क लावा आणि निदान 7 मीटर लांब राहा असं सांगतात, कोविडनंतर तर 10 मीटर. युगांडात ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका या पशुवैद्यक आहेत, 1996 मध्ये गोरिलांना झालेली खरूज माणसांकडून आली असं दिसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की गावाचं आरोग्य सुधारल्याशिवाय गोरिला वाचणार नाहीत, आणि 2003 मध्ये त्यांनी जी संस्था काढली ती गावातल्याच स्वयंसेवकांना घेऊन दोन्हींच्या आरोग्याचं काम करते. शिवाय पिल्लांना दर पंधरा दिवसांनी नवा माणूस लळा लावून निघून जातो हेही चांगलं नाही. तिकिटाचे पैसे तिथल्या एखाद्या कायम केअरटेकरच्या पगाराला द्या.

प्रश्न: मी स्टुडंट आहे, पैसे देऊ शकत नाही. माझा काही उपयोग?

आहे की. हिशोब ठेवणं, अर्ज लिहिणं, नकाशा बनवणं, भाषांतर, हे छोट्या गटांना सतत लागतं आणि घरबसल्या होतं, फक्त आधी विचारा, स्वतःच्या मनाने काही ठरवून त्यांच्यावर लादू नका. आणि पाळलेल्या माकडांचे व्हिडिओ लाइक-शेअर करणं बंद करा, मित्रांनाही सांगा. स्लो लोरिसला, म्हणजे माकडांच्याच नात्यातल्या मोठ्या डोळ्यांच्या छोट्या प्राण्याला, गुदगुल्या करतानाचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल, तो हात वर करतो ते मजा वाटते म्हणून नाही, घाबरून स्वतःला वाचवायला करतो, कोपराजवळच्या ग्रंथीत विष असतं त्याच्या. विकायच्या आधी त्यांचे दात कापतात. तो व्हिडिओ बघून कुणीतरी विकत घ्यायला निघतं.

प्रश्न: आमची कंपनी एकदाच मोठी रक्कम देणार आहे. कशावर खर्च करायला सांगू?

तुम्ही सांगू नका, त्यांना विचारा. आणि जमलं तर ती रक्कम तीन वर्षांत विभागून द्या, एकदम आलेला पैसा खर्च करायच्या घाईत छोटे गट नको त्या गाड्या आणि बिल्डिंगमध्ये अडकतात. रिपोर्ट मागाल तेव्हा तुमचा चाळीस पानी फॉरमॅट पाठवू नका, त्यांनी त्यांच्या भाषेत चार पानं लिहिली तरी चालवून घ्या.