बदलाचेही एक चित्र हवे

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. शाळेची रिक्षा सव्वासातला येते. दात घासणे, आंघोळ, नाश्ता, गणवेश हा क्रम त्याला चांगला जमतो. पण नळाचे पाणी गेले किंवा पोळीऐवजी पोहे झाले, की तो कान दाबून जमिनीवर लोळतो. सासूबाईंच्या मते आम्हीच त्याला हट्टी केले आहे. दिवाळी तोंडावर आली असून पहाटेच्या अभ्यंगस्नानाची मला आत्ताच धास्ती वाटते. हा क्रम सोडून द्यावा का?
— एक आई, नाशिक

उत्तर : क्रम सोडू नका, पुढे काय होणार हे कळल्याचा जो दिलासा त्याला मिळतो, तो त्यातूनच मिळतो. मात्र हा क्रम आपण त्याला तोंडी सांगत असाल, तर तो चित्रांत मांडा. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९७२ मध्ये स्वमग्न मुलांसाठी सुरू झालेल्या ‘टीच’ कार्यक्रमाचा भर अशा डोळ्यांना दिसणाऱ्या मांडणीवर आहे. त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही, जुन्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर ओळीने चिकटवलेली घरातलीच छायाचित्रे पुरतात.

या पट्टीत बदलासाठीही एक कार्ड ठेवा, कारण बहुतेक घरांत नेमके तेच राहून जाते. ठळक रंगाचे हे कार्ड पहिल्यांदा आवडत्या गोष्टीसाठी वापरावे, उदाहरणार्थ दुधाऐवजी त्याचा लाडका शिरा असेल तेव्हा. ते दिसले म्हणजे संकट आले असे नाही, हे त्याला उमगू लागले की मग पाणी जाण्यासारख्या नकोशा बदलांसाठी ते उपयोगी पडेल. मूल लोळू लागल्यावर कार्ड दाखवून उपयोग नाही. त्या वेळी बोलणे थांबवावे, मिक्सर बंद करावा आणि त्याला सावरू द्यावे. हट्ट करणारे मूल हवे ते मिळाले की बहुधा शांत होते. आपला मुलगा पोळी समोर आल्यावरही आक्रोश थांबवू शकत नसेल, तर तो हट्ट नव्हे, हे सासूबाईंना सांगता येईल.

अभ्यंगस्नानात त्याच्यासाठी अंधार, तेलाचा चिकटपणा, खरखरीत उटणे आणि बाहेरचे फटाके हे सारे एकाच वेळी येते. म्हणून आठ-दहा दिवस आधीपासून संध्याकाळी नुसते तळहाताला तेल लावावे, पुढे चिमूटभर उटणे. वास नको असेल, तर उटणे वगळावे. फटाक्यांसाठी कान झाकणारे हेडफोन जवळ असू द्यावेत. पायाच्या अंगठ्याने कारीट फोडणे त्याला कदाचित आवडेलही, त्यामुळे त्याचे चित्र सासूबाईंनाच पट्टीवर लावायला सांगा. एवढे करूनही त्या पहाटे तो उठला नाही, तर त्याची आंघोळ नेहमीच्या वेळी होऊ द्या आणि सासूबाईंनी ओवाळायचे तेवढे त्यानंतर ओवाळावे.