सायकल-शंका: ड्रॉप हँडलची टेप

प्रश्न: माझ्याकडे 1970च्या दशकातली ड्रॉप हँडलची (खाली वळलेल्या हँडलची) सायकल आहे. ब्रेकच्या केबल लिव्हरच्या डोक्यातून बाहेर निघतात. हँडलची कापडी टेप विरलीय. आता कॉर्कची घ्यावी की पुन्हा कापडीच? गुंडाळायला सुरुवात स्टेमकडून (हँडल मधोमध धरणाऱ्या भागाकडून) करायची की खालच्या टोकाकडून?

उत्तर: कापडीच घ्या. त्या काळच्या हँडलची नळी 24 मिमीच्या आत-बाहेर असते. त्यावर जाड कॉर्क चढवली, की वेढ्यावर वेढा येतो तिथे जाडी दुप्पट होते आणि बारीक लिव्हरशेजारी हँडल सुजल्यासारखं दिसतं. शिवाय कापडी टेप जेमतेम 20 मिमी रुंद असते (कॉर्कची 30च्या आसपास), त्यामुळे आखूड वळणावर ती नीट बसते. तळहात बधिर होत असतील तर कापडीचेच दोन थर द्या. मात्र रोल दुप्पट लागतील.

सुरुवात खालच्या टोकाकडून करा. असं केल्याने वरचा वेढा खालच्यावर चढतो, टेपच्या उघड्या कडा खाली पाहतात आणि हात घसरत पुढे-खाली गेला तरी त्या उलटत नाहीत. स्टेमकडून सुरू केलं तर शेवट प्लगमध्ये (नळीच्या टोकाच्या बुचात) लपतो, दिसायलाही छान, पण कडा वर तोंड करून राहतात. टेपवर लाखेचा लेप देणार असाल तरच तो मार्ग धरा.

सुरुवातीला अर्धी रुंदी नळीच्या टोकाबाहेर ठेवा. ती आत दुमडून प्लग दाबला की टेप पकडली जाते. प्लग विसरू नका. पडल्यावर उघडी नळी पोटात किंवा मांडीत घुसते.

आता दिशा. इथेच बहुतेकांचं चुकतं. खालच्या भागात हाताचा जोर बाहेरच्या बाजूला पडतो, म्हणून टेप नळीच्या वरून आतून बाहेर जायला हवी. सीटकडून पाहिलं तर उजवीकडे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, डावीकडे उलट. पण तसंच गुंडाळत वरच्या आडव्या भागावर पोचलात, की टेप वरून पुढे जाऊ लागते. तिथे हाताचा पीळ मात्र मागे, तुमच्याकडे असतो. जोर दिला की वेढे सैल होतात. उपाय म्हणजे लिव्हरच्या बुंध्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा एक फेरा घेऊन दिशा पालटायची. त्याआधी हुड (लिव्हरवरचं रबरी आवरण) मागे दुमडा आणि लिव्हर नळीला आवळणाऱ्या पट्ट्यावर टेपचा 7-8 सेंमीचा तुकडा लावा, नाहीतर तिथे धातू उघडा राहतो.

प्रत्येक वेढा आधीच्यावर तिसरा हिस्सा चढवा. वळणावर आतल्या बाजूला टेप आपोआप जास्त चढते आणि फट बाहेरच्या बाजूला पडते, म्हणून तिथे अंदाज बाहेरच्या कडेवरून घ्या. ताण सारखा ठेवा. कापडी टेप जोराने ओढली तरी चालते, कॉर्क फाटते.

स्टेमजवळ शेवट तिरका कापा, म्हणजे कड नळीला काटकोनात येईल. वर इन्सुलेशन टेपचे दोन-तीन वेढे द्या. शेवटचा वेढा न ताणता लावा. ताणलेला आकसतो आणि टोक सुटतं.

प्रश्न: कापडी टेपवर लाख कशी लावावी?

उत्तर: 100 मिली स्पिरिटमध्ये 15 ग्रॅम चपडा (लाखेचे पातळ तुकडे) घालून बाटली झाकून रात्रभर ठेवा. दोन्ही बाजूंना पुरून उरेल. ब्रशने पातळ हात द्या, वाळू द्या, पुन्हा द्या. दोन-तीन हात पुरे. जास्त झाले की पृष्ठभाग काचेसारखा होतो आणि घामात हात निसटतो. रंग गडद होतो, तेव्हा पिवळी टेप मधासारखी दिसेल हे धरूनच टेपचा रंग निवडा. आधी एका तुकड्यावर पाहा. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे काम मोकळ्या हवेत, आगीपासून दूर करा. पावसात भिजून लाख पांढुरकी पडली तर पूर्ण वाळू द्या आणि वरून आणखी एक पातळ हात द्या.

प्रश्न: उजवी बाजू पूर्ण झाली, पण डावीकडे स्टेमच्या चार बोटं आधीच टेप संपली. जोड देऊ का?

उत्तर: नको, जोड हाताला कायम टोचत राहील. डावीकडे वेढे जास्त चढलेत. लिव्हरपर्यंत उलगडा आणि वरच्या भागात थोडे विरळ घ्या. तरीही पुरली नाही तर खालपासून सोडवावी लागेल. कापडी टेपचा गोंद एक-दोन वेळा साथ देतो, मात्र ती हळू सोडवा.