घरातला सर्व्हर आणि घरचं नेटवर्क वेगळं करावं का, आणि कसं?

तुम्ही विचारलंय की जुन्या पीसीवर नेक्स्टक्लाउड (फोटो-फाइली साठवायचं स्वतःचं क्लाउड) आणि मित्राच्या दुकानाची वेबसाइट चालते, त्याच राउटरवर घरचे लॅपटॉप, टीव्ही आणि कॅमेरे आहेत. तर सर्व्हर वेगळ्या नेटवर्कवर न्यायची खरंच गरज आहे का, आणि न्यायचा तर कमी खर्चात कसा.

गरज आहे. नुसतं नेक्स्टक्लाउड घरापुरतं असतं तर मी म्हटलं असतं, सवडीने करा. पण वेबसाइट बाहेरच्या जगाला उघडी आहे, त्यामुळे याच शनिवार-रविवारी हात घाला.

काही वर्षांपूर्वी माझ्या घरीही अगदी अशीच मांडणी होती. एका रात्री कपाटावर ठेवलेल्या सर्व्हरचा पंखा थांबेचना. लॉगिन करून बघितलं तर वेबसर्व्हरच्या युजरखाली एक अनोळखी प्रोसेस चारही कोर खात बसलेली. वेबसाइट ज्यावर चालायची त्या वर्डप्रेसचं फॉर्मचं एक प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) मी कित्येक महिने अपडेट केलं नव्हतं. तिथून कोणीतरी आत शिरून कॉइन मायनिंग (माझ्या मशीनच्या जिवावर क्रिप्टो नाणी कमावणं) लावलं होतं. ते निस्तरणं सोपं होतं, डिस्क पुसली आणि सगळं नव्याने टाकलं. पण पुसण्याआधी मी त्याच मशीनवरून आजूबाजूला काय काय दिसतंय ते तपासलं. बायकोचा ऑफिसचा लॅपटॉप दिसला. कॅमेऱ्याचं लॉगिनचं पान उघडलं. आणि बाबांच्या पीसीवरचं शेअर केलेलं फोल्डर पासवर्ड न विचारताच उघडलं, आत पेन्शनची कागदपत्रं आणि बँकेची स्टेटमेंट्स. शिरलेल्याला फक्त मायनिंगमध्ये रस होता म्हणून आम्ही वाचलो. मध्ये अडवणारं काहीच नव्हतं.

मोठ्या कंपन्यांनाही हे घराकडून बाधलेलं आहे. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीच्या बॅकअपपर्यंत हल्लेखोर पोचले ते एका इंजिनियरच्या घरच्या कॉम्प्युटरमार्फत. त्यावरच्या मीडिया सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून कीलॉगर (दाबलेली प्रत्येक की टिपणारा प्रोग्राम) बसवला गेला आणि त्या इंजिनियरचा मास्टर पासवर्ड हल्लेखोरांच्या हाती लागला. बॅकअप उघडायच्या किल्ल्या कंपनीत फक्त चार जणांकडे होत्या.

आता कसं करायचं. सगळा खेळ दिशेचा आहे. घरातून सर्व्हरकडे जाता आलं पाहिजे, सर्व्हरने आपणहून घराकडे यायचं नाही. तुम्ही लॅपटॉपवरून फोटो मागितलेत तर त्याचं उत्तर परत येणारच, कारण फायरवॉल (राउटरमधली नको ती वाहतूक अडवणारी भिंत) सुरू झालेलं संभाषण लक्षात ठेवते. अडवायचं असतं ते सर्व्हरने स्वतः सुरू केलेलं संभाषण.

स्वस्त उपाय म्हणजे दोन राउटर. इथे बहुतेक जण एक चूक करतात, आणि ती मीही केली होती: नवा राउटर आणायचा, सर्व्हर त्याच्या मागे ठेवायचा आणि समजायचं की सर्व्हर कोंडला. प्रत्यक्षात होतं उलटं. आतल्या राउटरमागचं मशीन बाहेरच्या नेटवर्कवर कुठेही जाऊ शकतं, म्हणजे सर्व्हरला सगळं घर मोकळं. म्हणून सर्व्हर ब्रॉडबँडवाल्याच्या राउटरला जोडा आणि घर दुसऱ्या राउटरमागे न्या. पहिल्याचं नेटवर्क १९२.१६८.१ चं असेल तर दुसऱ्याचं १९२.१६८.५० चं ठेवा, दोन्हीकडे एकच पत्ते आले तर काहीच चालणार नाही. पहिल्या राउटरचं वायफाय बंद करा आणि त्याचा ॲडमिन पासवर्ड बदला, कारण ते पान सर्व्हरला दिसतच राहतं. यात एक उणीव आहे. घराची सगळी वाहतूक सर्व्हरच्याच नेटवर्कमधून बाहेर जाते, त्यामुळे सर्व्हर हल्लेखोराच्या हाती गेला तर तो स्वतःला राउटर म्हणवून ती वाहतूक आपल्याकडे वळवू शकतो. बँकेची साइट एन्क्रिप्टेड असते, पण साधं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी विचारणा) नसतं. तरीही एकाच राउटरवर सगळं असण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

खर्चाची तयारी असेल तर व्हीलॅन करा, म्हणजे एकाच राउटर-स्विचवर क्रमांक देऊन वेगळी केलेली नेटवर्कं. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर) चालणारा राउटर किंवा दोन नेटवर्क पोर्ट असलेल्या छोट्या पीसीवर ओपीएनसेन्स (फायरवॉलचं मुक्त सॉफ्टवेअर), आणि ८०२.१क्यू, म्हणजे व्हीलॅनचे क्रमांक, समजणारा मॅनेज्ड स्विच. साधा स्विच इथे उपयोगाचा नाही. घराला व्हीलॅन १०, सर्व्हरला २०, आणि कॅमेरे-टीव्हीला ३० ठेवा. कॅमेऱ्यांना मी मुद्दाम वेगळं काढतो. २०१६ मधलं मिराय नावाचं मालवेअर कारखान्यातून आलेल्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या वापरून असेच कॅमेरे आणि राउटर काबीज करत सुटलं होतं.

नियम लिहिताना तीन ठिकाणी हमखास भोक राहतं. पहिलं राउटर स्वतः: सर्व्हरकडून घराकडे जायला मनाई असते, पण राउटरचं ॲडमिन पान सर्व्हरला उघडं राहतं. राउटर काबीज झाला की व्हीलॅनला अर्थ उरत नाही. सर्व्हरला राउटरकडून डीएनएस आणि डीएचसीपी (मशीनला पत्ता वाटून देणारी सेवा) पुरतं, बाकी बंद. दुसरं आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत (जुनी ती आयपीव्ही४). आयपीव्ही४ चे नियम काटेकोर लिहिलेले आणि आयपीव्ही६ तसंच मोकळं, हे मी अनेक घरांत पाहिलंय. नियम दोन्हीला लावा, नाहीतर सर्व्हरच्या नेटवर्कवर आयपीव्ही६ बंदच ठेवा. तिसरं डॉकर, म्हणजे प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर. सर्व्हरवर यूएफडब्ल्यू (लिनक्सची साधी फायरवॉल) लावून निश्चिंत राहू नका, डॉकरने उघडलेले पोर्ट त्याला वळसा घालून जातात. म्हणूनही भिंत सर्व्हरच्या बाहेर, राउटरवर हवी.

वेगळं केल्यावर फोनवरून टीव्ही किंवा प्रिंटर आपोआप सापडणं थांबेल, कारण ती शोधाशोध एकाच नेटवर्कपुरती चालते. राउटरवर अवाही हे सॉफ्टवेअर बसवून त्याचा रिफ्लेक्टर (ही शोधाशोध एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पोचवणारी सोय) चालू केलात की बहुतेक गोष्टी परत दिसायला लागतात. घाबरून सगळे नियम काढून टाकू नका.

आणखी एक. तुमच्या राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विचारणा राउटरने सर्व्हरकडे पाठवणं) चालणार नाही, आणि वेबसाइट बहुधा टनेल (सर्व्हरने स्वतः बाहेरच्या सेवेशी जोडून ठेवलेला मार्ग) लावूनच चालवत असाल. टनेल आहे म्हणून सर्व्हर सुरक्षित, असं समजू नका. वेबसाइटमधली त्रुटी टनेलमधूनही तितकीच पोचते आणि टनेलचं टोक तुमच्या घरातच आहे.

शेवटी तपासणी, ती टाळू नका. घरच्या एका लॅपटॉपवर फोल्डर शेअर करा आणि आधी घरच्याच दुसऱ्या मशीनवरून त्याच्या ४४५ पोर्टला (विंडोजची फोल्डर-शेअरिंगची वाट) जोडून बघा. जोडलं गेलं पाहिजे, नाहीतर पुढच्या चाचणीला अर्थ नाही. मग तेच सर्व्हरवरून करा. मग सर्व्हरवरून राउटरचं (दोन राउटर असतील तर दुसऱ्याचं) ॲडमिन पान उघडून बघा, त्याच्या घराकडच्या पत्त्यावरसुद्धा. मग हेच सगळं आयपीव्ही६ पत्त्यांनी. सर्व्हरवरून यातलं एक जरी जोडलं गेलं तर राउटरचं मॉडेल आणि नियम इथे टाका, मी बघतो.