वडिलांशी अबोला ठेवून जर्मनीला येताय, म्हणून लिहितेय

तुम्ही विचारलंत की नवऱ्याला बव्हेरियात नोकरी लागलीय, मुलगी दुसरीत आहे, वडिलांशी दोन वर्षं बोलणं नाही, तर निघण्याआधी काय काय उरकून घ्यावं. जाता जाता लिहिलंत की परवा ‘व्हेंटिलेटर’ हा मराठी सिनेमा पाहिला आणि रात्रभर झोप आली नाही. तुमचं वाचून मलाही आली नाही.

व्हिसा, विमा, पत्त्याची नोंदणी हे सगळं वकिलातीच्या पानांवर आहे. मी शाळेपासून सुरुवात करते, कारण ते अजून सलतंय.

इथे चौथीतच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. मे महिन्याच्या सुरुवातीला एक प्रगतिपुस्तक हातात येतं. जर्मन, गणित आणि आपल्याकडच्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, या तिघांची सरासरी काढतात. 1 सगळ्यात चांगला. 2.33 पर्यंत असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा; 2.66 पर्यंत असेल तर रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची शाळा. माझ्या लेकाला गणितात 2, बाकी दोन्हींत 3. म्हणजे 2.66. एका विषयात एक अंक इकडे आला असता तर! तो सहा वर्षांचा असताना आलो आम्ही, घरात जर्मनचा एक शब्द कुणाला येत नव्हता. त्या प्रगतिपुस्तकासोबत एक पत्र होतं, शाळेचं, तीन पानी. ‘नंतर नीट वाचू’ म्हणून मी ते फ्रीजवर लावलं. त्यात लिहिलं होतं की गिम्नाझियममध्ये तीन दिवसांच्या चाचणी वर्गाला मुलाला बसवता येतं, त्यात पास झाला तर प्रवेश मिळतो. मी ते वाचलं तेव्हा मुदत संपली होती. हे मे 2019 चं.

तुमच्या मुलीसाठी एक गोष्ट लिहून ठेवा. जी परभाषिक मुलं पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती, त्यांची जर्मन सुधारण्याजोगी आहे असं शाळेला वाटलं तर 3.33 पर्यंत सवलत मिळू शकते. ती तिला लागू होऊ शकेल. कुणी आपणहून सांगेल याची वाट पाहू नका, तिसरीतच विचारा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अण्णांना, माझ्या वडिलांना, व्हेंटिलेटरवर ठेवलं, रत्नागिरीत. गणपती 2 सप्टेंबरला होते. माझ्या रहिवास परवान्याची मुदत संपली होती, नवा यायचा होता, आणि मधल्या काळातला जो घडीचा कागद देतात तोही मिळाला नव्हता. तो नसताना देश सोडला तर परत यायची पंचाईत. मी रोज सकाळी सातला कार्यालयाच्या दारात उभी राहायचे. ‘अपॉइंटमेंट आहे का?’ एवढंच विचारायचे ते. वडील अत्यवस्थ आहेत हे जर्मनमध्ये कसं म्हणायचं ते मी पाठ केलं होतं. सतरा दिवस गेले. तुमचा परवाना संपायच्या तीन महिने आधी अर्ज करा आणि त्या कागदासाठी भांडा.

मी पोचले तेव्हा अण्णा घरी आले होते. ही मला मिळालेली दुसरी संधी. नऊ दिवसांची.

आमचाही अबोलाच होता. मी निघाले तेव्हा ते मला सोडायला विमानतळावर आले नव्हते, आणि मी ते चार वर्षं धरून बसले होते. त्या नऊ दिवसांत एका दुपारी टीव्हीवर ‘व्हेंटिलेटर’ लागला. मी चॅनल बदलायला गेले, तर म्हणाले, “असू दे.” गजूकाका आयसीयूत, बाहेर त्यांचा मुलगा प्रसन्न आणि कामेरकरांचा गोतावळा, गणपतीत सुतक आलं तर काय याची चर्चा. अण्णा खुर्चीत, मांडीवर पेजेची वाटी, चमचा तसाच हातात. बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “त्या प्रसन्नला कुणी जेवलास का म्हणून विचारत नाही गो.”

मी “हं” म्हटलं आणि आत जाऊन बॅगेत कोकमं भरायला घेतली.

सिनेमात मला सगळ्यात खरा वाटतो तो राजा. व्हेंटिलेटरवर त्याचा काका आहे, त्याचे वडील समोर चालते-बोलते आहेत. त्यांच्याशी मात्र नीट बोलणं नाही. दुसऱ्याच्या बापाच्या उशाशी बसून त्याला आपला बाप दिसायला लागतो. तुम्ही आज राजाच्या जागी आहात.

मार्च 2020 मध्ये विमानं बंद झाली. एप्रिल 2021 मध्ये अण्णा गेले. भावाने फोन धरला होता, त्याचा हात इतका थरथरत होता की मला बहुतेक वेळ छपराची कौलंच दिसली.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो. सवय होते.

लेक गेल्या वर्षी रेआलशूल संपवून फाखओबरशूलमध्ये, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारख्या शाळेत गेला, तिथूनही पुढे कॉलेजची वाट आहे. त्या शाळेचाच भाग म्हणून सध्या तो एका कारखान्यात प्रशिक्षणाला जातो. संध्याकाळी घरी आला की मी दारातच विचारते, जेवलास का. तो म्हणतो, आई, रोज काय तेच.

तिकीट काढण्याआधी मुलीला घेऊन वडिलांकडे जा, राहायलाच जा. दोन वर्षांचा विषय काढायलाच हवा असं नाही. आणि इथे आल्यावर शाळेचं कुठलंही पत्र आलं की त्याच दिवशी फोटो काढून मला पाठवा, मी वाचून सांगेन.