कांगारूचं मांस आरोग्याला चांगलं असतं का, आणि चवीला कसं लागतं?

हो, चांगलंच. १०० ग्रॅम मांसात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं, चरबी जेमतेम २ टक्के, शिवाय लोह आणि झिंक भरपूर. ऑस्ट्रेलियात कांगारू मांसासाठी पाळत नाहीत. माळरानावर चरणारी जनावरं परवानाधारक शिकारी रात्री टिपतात. सुपरमार्केटात ते सहज मिळतं.

पाकीट उघडलं की गडद, जांभळट लाल रंग दिसतो, चरबीची पांढरी रेघ कुठेच नाही. वास जरा उग्र. चव मटणापेक्षा बीफच्या जवळची, मला तरी फार आवडते. पण आपल्या सवयीने रटरटा शिजवलंत तर चामडं होतं! जाड तुकड्याला तेल चोळा, कडकडीत तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं भाजा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. आतून गुलाबी राहायला हवं. गर्भवतींनी मात्र असं अर्धकच्चं अजिबात खाऊ नये, टॉक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूचा धोका असतो; त्यांनी पूर्ण शिजवूनच खावं.

शेपटीचं सगळं उलट. ती मंद आचेवर तीन-चार तास शिजवावी लागते, मग पायासूपासारखा चिकट, दाट रस्सा उतरतो. तिथले आदिवासी तर अख्खी शेपूट निखाऱ्यांत पुरून भाजतात.