वन बीएचकेत किती बिल्डिंगी बसतात?

प्रश्न : दादा, मी कांदिवलीला वन बीएचकेत राहतो. लेगोच्या मोठ्या मॉड्युलर, म्हणजे एकमेकींना जोडता येणाऱ्या, बिल्डिंगींपैकी एक बांधून झालीय, अजून तीन तरी घ्यायच्यात. बायको म्हणते ठेवणार कुठे, आई म्हणते पावसाळ्यात सगळं खराब होईल, आणि मित्र म्हणतो पांढऱ्या ब्रिक पिवळ्या पडतात. खरं काय?

उत्तर : वहिनींचा मुद्दा आधी घेऊ, कारण तिघांत तोच वजनदार आहे. एका बिल्डिंगची बेसप्लेट, म्हणजे खालची पाटी, ३२ बाय ३२ स्टडची (स्टड म्हणजे वरचे गोल उंचवटे), साधारण २५.६ सेंटिमीटर, त्या एकमेकींना पिनांनी जोडल्या की चार बिल्डिंगींची मीटरभर लाइन होते, आणि त्यात २०१७ चा ४,००२ तुकड्यांचा असेंब्ली स्क्वेअर हा सेट घेतलात तर तो एकटाच ४८ स्टड रुंद आहे. म्हणून सेट नंतर, आधी टेप घेऊन शेल्फ मोजा, आतून ३० सेंटिमीटर तरी खोल हवं, नाहीतर पुढचा फुटपाथ बाहेर लटकतो आणि झाडू मारताना कुणाचा तरी हात लागतोच.

आईंना सांगा काळजी नको. ब्रिक एबीएस प्लास्टिकच्या असतात, दमट हवेनं त्यांना काही होत नाही. बुरशी लागते ती खोक्याला आणि पुस्तिकेला, तेव्हा माळ्यावर टाकायच्या आधी ते पिशवीत घट्ट बांधा.

पिवळेपणाचं मात्र खरंय, त्याला मुख्यतः ऊन जबाबदार. पश्चिमेच्या खिडकीसमोर पांढरी बिल्डिंग ठेवू नका, बस. धुळीला मेकअपचा मऊ ब्रश चालतो, शेजारी टॉवर उठत असेल तर काचेची दारंच लावून घ्या. धुवायचंच झालं तर ४० डिग्रीच्या आतलं कोमट पाणी, आणि वाळवायचं पंख्याखाली, गच्चीत उन्हात नाही.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. आपल्याकडे खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०, त्यामुळे इथली किंमत बघून दुबईचा मामा आठवणं साहजिक आहे. पण बंद झालेल्या सेटच्या मागे लागू नका. या सिरीजचा पहिला सेट, २००७ चा कॅफे कॉर्नर, आज लोक वाट्टेल त्या भावाला विकतात आणि त्यातल्या खोल्या आतून रिकाम्याच आहेत, फर्निचर नाही काही नाही. माझ्या मते त्या पैशात सुटे ब्रिक घेऊन स्वतःचं काहीतरी बांधलेलं बरं.

प्रश्न : आमची गिरगावातली तीन मजली चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीय. ती ब्रिकमध्ये बांधायचीय, फोटो भरपूर आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, झकास. चाळ बांधायला एका अर्थी सोपी, एक खोली जमली की बाकीच्या तिच्याच कॉप्या. दार चार स्टड, खिडकी तीन-चार, मधे भिंत, असा १० स्टडचा गाळा धरलात तर एका बेसप्लेटवर तीन खोल्या बसतात. मजल्याची उंची १० ब्रिक ठेवा, एक ब्रिक ९.६ मिलिमीटर, म्हणजे मजला साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास आणि लेगोचा छोटा माणूस आरामात उभा राहतो.

खरी गोम गॅलरीत आहे. प्रत्यक्षात लाकडी खांब तळापासून छपरापर्यंत सरळ गेलेला दिसतो, तसाच सलग लावलात तर मजले सुटे निघणार नाहीत आणि आतलं बिऱ्हाड कुणाला दाखवताच येणार नाही. खांब दर मजल्याला तोडा. प्रत्येक मजल्याच्या भिंतींच्या माथ्यावर गुळगुळीत टाइल्स लावा आणि पकडीपुरते चार-पाच स्टड उघडे ठेवा, वरचा मजला अलगद उचलला जातो. गॅलरी चार स्टडपेक्षा अरुंद नको, बादली, तुळस आणि वाळत घातलेले कपडे तिथेच मावायचेत ना.

कौलांना गडद लाल उतरते ब्रिक. कठड्याचे तुकडे मोजून एकदमच मागवा, तेच सगळ्यात जास्त लागतात आणि अर्ध्यात संपले की दुसऱ्या लॉटचा रंग जरा वेगळा येऊ शकतो. आधी कॉम्प्युटरवर स्टुडिओ नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एक गाळा बांधून बघा, किती तुकडे लागतील ते तोच मोजून देतो. जिना शेवटी करा, त्याला वेळ लागणार आहे.