तीच एक बॅटरी सारखी का जाते?

प्रश्न : मी नागपूरला ई-रिक्षा चालवतो. 12 व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत, 48 व्होल्टचा सेट. दीड वर्षात मायनसच्या टोकाची बॅटरी दोनदा बदलली, बाकी तिघी जुन्याच. त्या एकीला पाणी पण कमी लागतं, तिघींना मात्र सारखं टाकावं लागते. दुकानदार म्हणतो नग खराब निघाला, पण दोन्ही वेळा कसा निघेल? – एक रिक्षाचालक वाचक

उत्तर : भाऊ, पाण्याचं लिहिलंत ते फार बरं केलंत, त्यावरूनच अंदाज आला. आधी सीट उचला आणि हॉर्न, गाण्याची सिस्टीम, आतला लाइट, मोबाइल चार्जर यांची वायर कुठून घेतलीये ते बघा. बहुतेक त्याच एका बॅटरीवरून असणार, कारण या वस्तू 12 व्होल्टवर चालतात आणि बसवणारा सोपं म्हणून टोकाच्या बॅटरीला जोडून मोकळा होतो.

आता हिशोब बघा. गाडी चालते तेव्हा सिरीजमधल्या, म्हणजे एकीला एक जोडलेल्या, चौघींतून करंट सारखाच जातो. पण त्या एकीवर वरून 3 ॲम्पिअरचा लोड 8 तास चालला तर तिचे 24 ॲम्पिअर-अवर जास्तीचे गेले, 100 ॲम्पिअर-अवरची बॅटरी असेल तर जवळपास पाव भाग! रात्री चार्जर परत चौघींना सारखाच करंट देतो, तिची वेगळी तूट भरत नाही, त्याला फक्त टोटल दिसते. समजा तो 57.6 व्होल्टपर्यंत नेतो, म्हणजे प्रत्येकीला 14.4 मिळायला पाहिजेत, पण तुमची ती 13.5 लाच अडकलेली आणि बाकी तिघी 14.7 वर, म्हणून त्यांचं पाणी आटतं आणि हिचं नाही. ही रोज अर्धपोटी राहते, प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं, मग पुलाच्या चढावर तीच सगळ्यात आधी 10.5 च्या खाली जाते आणि तरीही बाकीच्या तिघी तिच्यातून करंट ढकलतच राहतात, पार रिकामी झाली तर ती उलटी चार्ज व्हायला लागते. त्यात दुकानदाराचा नग काय करणार?

ती वायर काढा आणि 48 चे 12 करणारा कन्व्हर्टर बसवा, 60 व्होल्ट इनपुट सहन करणारा घ्या, तो चौघींकडून सारखं घेतो. मग जोडपट्ट्या सोडवून प्रत्येक बॅटरी 12 व्होल्टच्या चार्जरवर वेगवेगळी फुल करा. हे मोकळ्या जागेतच करा, चार्ज होताना हायड्रोजन निघतो, पान्याला टेप गुंडाळा, विडी-काडी लांब ठेवा. काही तास थांबून मीटर लावला की चौघी 12.7 च्या आसपास दिसायला हव्यात. एखादी बरीच मागे राहिली तर मात्र ती खरंच गेली. बाजारात चार बॅटऱ्यांचा बॅलन्सर मिळतो, प्रत्येक जोडावर वायर लावून तो भरलेलीतलं कमी असलेलीत टाकतो. चांगली वस्तू आहे, पण हॉर्न-लाइटची ती वायर तशीच ठेवून तो लावू नका, रोजची एवढी तूट त्याला झेपेलच असं नाही. आणि पुढच्या वेळी चारही एकदम, एकाच बॅचच्या घ्या. खर्च एकदम येतो हे कळतं मला, पण जुन्या तिघींत नवी एक टाकली की ती लवकर म्हातारी होते.

प्रश्न : माझ्या स्कूटरला लिथियम फॉस्फेट बॅटरी आहे. शेवटच्या टक्क्याला फार वेळ लागतो, मी आधीच प्लग काढते. चालेल का? – एक वाचक

उत्तर : ताई, रोज चालेल, कायम नको. पॅकमध्ये असे बरेच छोटे सेल जोडलेले असतात, या सेलचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात 3.2-3.3 लाच सपाट राहतं, कोण पुढे कोण मागे ते फुलच्या जवळ गेल्यावरच कळतं, म्हणून बहुतेक पॅकमधलं सर्किट तिथेच बॅलन्सिंग करतं, म्हणजे सगळे सेल सारखे करतं, पुढे गेलेल्या सेलमधलं थोडं रेझिस्टरमध्ये जाळून. तो करंट असतो साधारण 50 ते 100 मिलीॲम्पिअर, 1 ॲम्पिअर-अवरचा फरक काढायला 10 तास तरी जाणारच. मॅन्युअलमध्ये वेगळं काही लिहिलं नसेल तर आठवड्यातून एकदा रात्रभर कंपनीच्याच चार्जरवर राहू द्या.